मदत हवी आहे: उजव्या स्टिअरिंगची गाडी, टपाल वाटायला

रानजाई
उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी हवी आहे. जुनी चालेल, पण रोज चालू झाली पाहिजे. बजेट जास्तीत जास्त आठ हजार. टपाल वाटायच्या कामाला लागणार आहे. कोणी घेतली असेल तर पटकन सांगा. ट्रेनिंग संपत आलंय आणि पोस्टमास्तरबाई भेटेल तेव्हा "गाडीचं काय झालं?" म्हणून विचारतात. कृपया "गूगल करा" म्हणू नका, तेच करून डोकं फिरलंय.

तात्या_चिपळूण
आठ हजारात सायकल येईल. आणि आपल्याकडे सगळ्याच गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यात शोधायचं काय?

रानजाई
तात्या, आठ हजार डॉलर! अमेरिकेत आहे मी. इथे स्टिअरिंग डावीकडे आणि टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला.

मिशिगनकर
राज्य कोणतं? रूट किती मैलांचा? ऑफिसच्या एलएलव्ही (टपाल खात्याच्या गाड्या) नाहीत का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानजाई
दक्षिण ओहायो. आरसीए (खेड्यातल्या टपालवाल्याच्या जागी बदली माणूस) म्हणून लागलेय. एलएलव्ही आहेत, पण त्या दुसऱ्या रूट्सना. माझा रूट स्वतःच्या गाडीचा.

मिशिगनकर
मैल राहिलेच.

जुनी_जीप
विषय संपला: चेरोकी. 1990 च्या दशकात जीपने खास टपालवाल्यांसाठी उजव्या स्टिअरिंगच्या काढल्या होत्या, 2001 पर्यंतच्या मिळतात. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन मरता मरत नाही. मी वर्षानुवर्षं हीच चालवतोय. घेताना फक्त गाडीखाली झोपून बघा, पत्रा गंजून चाळण झालेला असतो. उजव्या दाराची काच वरखाली करून दाखवायला सांगा, टपालाच्या गाडीत पहिली तिचीच मोटर जाते. ब्रेक पॅड खाऊसारखे लागतात, ते धरून चाला.

एसेक्स_माधुरी
केई व्हॅन, म्हणजे छोट्या इंजिनाची जपानी व्हॅन, का नाही कोणी सुचवत? सुझुकी एव्हरी, होंडा अ‍ॅक्टी. गाडी 25 वर्षं जुनी झाली की अमेरिकेत जपानहून आणता येते. सरकता दरवाजा, मागे पार्सलं मावेल तेवढी, पेट्रोल नावाला.

जुनी_जीप
माधुरीताई, 660 सीसी घेऊन दक्षिण ओहायोच्या चढावर? मागे कुत्र्याच्या खाण्याची चाळीस पौंडी पोती? आणि ताशी 55 मैलांच्या रस्त्यावर मागून ट्रक आला म्हणजे?

एसेक्स_माधुरी
जपानमध्ये डोंगर नाहीत वाटतं.

मिशिगनकर
डोंगरापेक्षा नोंदणीचं बघा. मेन राज्याने केई गाड्यांना रस्त्यावर यायला बंदी केली होती. टेक्ससने आधी अडवलं, मग 2024 मध्ये सोडलं. पैसे भरण्याआधी आपल्या काउंटीच्या टायटल ऑफिसात जाऊन विचारा, विकणाऱ्याला नको. रूट किती मैलांचा?

बाकावरची
तुम्हाला उजवं स्टिअरिंग लागतंच असं नाही. मी साधी ब्यूक चालवते, पुढे सलग बाक असलेली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बसायचं उजवीकडे सरकून, डावा पाय पलीकडे पेडलवर, डाव्या हाताने स्टिअरिंग आणि उजव्या हाताने टपालपेटी. दोन हजारात काम झालं.

डॉक्टर_नाही_पण
आणि कमरेचं?

बाकावरची
कंबर आधीपासूनच तशी आहे.

जुनी_जीप
पेटी रस्त्यापासून 41 ते 45 इंचांवर असते. जीपमधून हात सरळ जातो, तुमच्या ब्यूकमधून प्रत्येक पेटीला खांदा वर. चार-पाचशे पेट्यांनंतर सांगा.

बाकावरची
सांगितलं की. दोन हजारात.

तात्या_चिपळूण
आमच्याकडे ग्रामीण डाक सेवक येतो तो सायकलवर, पावसाळ्यात पायी. साकव बुडाला तर पलीकडून हाक मारतो, "तात्या, मनीऑर्डर आहे!" स्वतःची गाडी आणा म्हणणारं सरकार आजच ऐकलं.

मिशिगनकर
तात्या, इथे त्याचे पैसे मिळतात. ईएमए म्हणतात, स्वतःच्या गाडीचा भत्ता, मैलावर ठरतो, पेट्रोलच्या भावाप्रमाणे दर बदलतो. म्हणून तर मैल विचारतोय!

विसा_गुरू
तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे ना? एच-4 च्या (नवरा किंवा बायकोच्या व्हिसावर आलेल्यांच्या) ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, टपाल खात्यात घेत नाहीत. आधी ते तपासा.

रानजाई
नागरिक आहे. आणि प्रश्न गाडीचा होता.

इतिहासप्रेमी
रोचक धागा. खेड्यात घरपोच टपाल अमेरिकेत 1896 साली वेस्ट व्हर्जिनियात सुरू झालं, तुमच्या शेजारीच. तेव्हाही घोडा आणि गाडी टपालवाल्याचीच असायची.

सुधा_इन्शुरन्स
विमा कंपनीला "टपालासाठी वापरणार" हे आधी सांगा. ड्युटीवर तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते सहसा फेडरल कायद्याखाली सरकारकडे जातं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं सरकार देत नाही. लपवलं आणि कळलं तर कंपनी हात वर करते.
आणि खरं सांगू? प्रोबेशन पार होईपर्यंत आठ हजार घालूच नका. आरसीए म्हणजे बदली माणूस. रूटचा रेग्युलर, म्हणजे कायमचा टपालवाला, सुट्टीवर असेल तेव्हाच गाडी लागणार. तो त्याची गाडी भाड्याने देतो का विचारा, पुष्कळ ठिकाणी चालतं.

जुनी_जीप
कोण देतो स्वतःची गाडी बदलीच्या हातात! मी तर किल्लीपण दाखवत नाही.

रानजाई
विचारलं होतं, तो नाहीच म्हणाला. रूट 58 मैलांचा आहे, अर्धा खडीचा. झालं समाधान?
एक 1999 ची चेरोकी बघितली आहे, सहा हजार पाचशे म्हणतोय. गाडी टपालाचीच होती. गरम झाल्यावर तेलाचा वास येतो, तो म्हणतो "जीपला येतोच".

जुनी_जीप
येतो. बहुतेक व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट असतं, स्वस्तात होतं. मागून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून गळत असेल तर रिअर मेन सील, मग हजार कमी करून घ्या. तेलाचा डाग नेमका कुठे पडतो त्याचा फोटो टाका. 58 मैलांतले अर्धे खडीवर म्हणजे पुढचा उजवा टायर आधी जाईल, तोही बघा.

एसेक्स_माधुरी
तेवढ्या पैशांत एव्हरी आली असती, वासाशिवाय.

तात्या_चिपळूण
25 वर्षं जुनी चालत असेल तर माझी मारुती ओम्नी 1997 ची आहे. पाठवू? सीएनजी आहे, चालेल ना?