बायपॅप लावल्यावर श्वासाचे स्नायू काम सोडून देतात का?

हळदवाल्याची_लेक (सांगली)
बाबा ६८, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा जुना आजार), उभं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात गेलं. मागच्या महिन्यात मिरजेला ॲडमिट होते, आता रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा ढकलणारी श्वासाची मशीन, लावायला सांगितलंय. पण आत्या म्हणाली मशीनची सवय लागली की स्वतःचा श्वास बंद पडतो, तेव्हापासून बाबा मास्क नुसता मांडीवर घेऊन बसतात, लावतच नाहीत. खरंच असं होतं का? प्लीज सांगा, रात्र झाली की पोटात गोळा येतो.

फिजिओ_सातारा
ताई, आत्या म्हणतात ते होतं, पण आयसीयूत. नळी घालून पेशंटला पूर्ण झोपवून ठेवलं की डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नुसता पडून राहतो आणि झिजतो. २००८ साली ब्रेनडेड अवयवदात्यांचा अभ्यास आला होता, १८ ते ६९ तास पडदा निपचित राहिला तर त्याचे तंतू निम्म्याहून बारीक झाले होते.

बाबांचं तसं नाहीये. ते श्वास ओढायला लागतात, मशीनला ते कळतं आणि मग ती हवा ढकलते, म्हणजे सुरुवात त्यांचीच, फक्त ओझं हलकं होतं. जाग्या माणसाची फुफ्फुसं मशीनने चांगली भरली की मेंदू स्नायूंना जोर कमी करायला लावतो, पण जागेपणाचाच श्वासाला एक रेटा असतो त्यामुळे कार्बन डायऑक्साइड थोडा उतरला तरी श्वास सहसा चालूच राहतो. झोपेत तो रेटा नसतो, प्रेशर जास्त झालं तर मधेच श्वास थांबू शकतो, म्हणून सेटिंगला कृपा करून घरी हात लावू नका, आणि बॅकअप रेट, म्हणजे श्वास थांबला तर मशीनने स्वतःहून श्वास द्यायची सोय, ठेवलाय का ते डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ
आमच्या आईला दोन वर्षं झाली. मास्क नसताना मानेचे स्नायू दोरीसारखे ताठ, प्रत्येक श्वासाला गळ्याच्या हाडावर खड्डा पडायचा. मास्क लावून थोडा वेळ गेला की मान सैल पडते, बघूनच कळतं. पहिले आठ दिवस मात्र मशीनशी नुसती झटापट, आई श्वास सोडायची तेव्हा मशीन हवा ढकलायची. आम्ही दिवसा टीव्ही बघताना लावायचो, आधी पट्टा न बांधता नुसता हाताने धरून.

हळदवाल्याची_लेक
आज दुपारी तसंच केलं. बाबांनी स्वतः मास्क धरला, वीस मिनिटं. मी मानेकडेच बघत होते, खड्डा कमी झाला हो. आत्यालाही बोलावून दाखवलं.