अनुभव धागा : गावच्या कपाटातल्या आठवणी, प्रेमकथा आणि युद्धाची पुस्तकं

चावीवाली

तालुक्यापासून आतल्या गावांतल्या वाचनालयांसाठी हा धागा काढते आहे. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, सकाळी पेपरला येणारे आजोबा आणि वर्षाकाठी एकदाच पुस्तकं घ्यायची ऐपत, एवढं डोळ्यासमोर ठेवून लिहा. प्रकार तीनच: आठवणी-आत्मचरित्रं, प्रेमकथा आणि युद्धाचा इतिहास. नुसतं "अप्रतिम आहे, वाचाच" नको. कोणती आवृत्ती, किती प्रती, वाचणारा कुठे अडतो, पुस्तक कशानं मरतं, ते लिहा.

हंगामही ध्यानात घ्या. कापूस वेचणी आणि तूर चालू असेपर्यंत कपाटाकडे कोणी फिरकत नाही. हरभरा निघाला की खरं वाचन सुरू होतं, ते मृगापर्यंत. म्हणजे खरेदी जानेवारीत, दाखल नोंद आणि कव्हरं फेब्रुवारीत. आणि राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या (वाचनालयांना पुस्तकं पुरवणारी केंद्र सरकारची संस्था) योजनेतून ग्रंथसंच मिळाला असेल तर त्याची यादी आधी काढा. तीच पुस्तकं पुन्हा विकत घेतलेली नेहमी दिसतात.

पायरी-पायरीनं

तीन कप्पे वेगळे करून तीन पाट्या लावल्या की घोळ होतो. प्रेमकथा वाचणारी मुलगी युद्धाच्या कप्प्याशी जात नाही आणि फौजेतून परतलेले काका आत्मचरित्राला हात लावत नाहीत. पुस्तकं एकमेकांचा हात धरून ठेवा. एक पुस्तक परत करायला आलेल्याला पुढचं त्याच्याच शेजारी दिसलं पाहिजे.

सगळ्यात पक्की जोडी सांगतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', 1939 ची. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, चक्रधर आणि हॅर्टा, ओढ लावणारी प्रेमकथा. लहान आहे, त्यामुळे घाबरवत नाही. अडतं एकाच ठिकाणी: बोटीवरचे ज्यू घर सोडून एवढ्या लांब का निघालेत, हे आजच्या वाचकाला उमगत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अर्ध्या पानाची चिठ्ठी चिकटवा. 1935 चे न्यूरेंबर्ग कायदे, म्हणजे ज्यूंचं नागरिकत्व गेलं. नोव्हेंबर 1938 मध्ये एका रात्रीत त्यांची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली. बाकी देश दारं लावून बसलेले असताना शांघायला व्हिसाशिवाय उतरता यायचं. 1 सप्टेंबर 1939 ला युद्ध पेटलं. चारच ओळी, पण त्या वाचल्या की बोटीवरचं साधं बोलणंही वेगळं ऐकू येतं. शेवट मात्र चिठ्ठीत लिहू नका, असल्या चिठ्ठ्या पाहिल्या आहेत.

'रणांगण'च्या शेजारी अ‍ॅन फ्रँकची डायरी, मराठी अनुवाद सहज मिळतो. 12 जून 1942 ते 1 ऑगस्ट 1944 च्या नोंदी. हॅर्टा सोडून जाते तिथून हे पोर बोलायला लागतं. त्याच्याही शेजारी वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'. हे जाड आहे, पहिल्या झटक्यात कोणी नेणार नाही. डायरी संपवलेला नेतो. आधी गोष्ट, मग माणूस, मग इतिहास. उलटं रचलं तर कानिटकर धूळ खात पडतात.

प्रती: 'रणांगण' दोन, डायरी दोन, कानिटकर एक.

टाके आणि खळ

ताई, सगये पुस्तकाची गोठ करून राह्यले, कन्याची, म्हंजे पुस्तकाच्या पाठीची, कोनी करत नाई. आजकालचं जाड पुस्तक निस्त्या गरम गोंदावर चिकटवलेलं राह्यते. टिनाखाली कपाट दर उन्हायात तापत राह्यलं का गोंद कडक होते, पुस्तक पुरं उघडलं का कना तडकते अन् मंग पानं सुटतात. घेतानाच कन्याच्या वरच्या टोकाकून पाहजा. कागदाच्या घड्या चंद्रकोरीसारख्या दिसल्या तं फॉर्म, म्हंजे घडी घातलेल्या पानाईचे गठ्ठे, शिवलेले आहेत. सपाट थर दिसला तं निस्तं चिकटवलेलं.

चिकटवलेलं असन तं वाचाले द्याच्या आंधी टाके मारून घेजा. 200 पानाईलोक: कन्यापासून 8-10 मिमी आत, आरीनं पाच भोकं, मेन चोळलेला जाड सुती दोरा. पन आतला समास 15 मिमीपेक्षा कमी असन तं हे करू नोका, अक्षरं शिलाईत जातात. 300 च्या वर पानं असली का भोकं पाडाची नाई. पुस्तक शिकंज्यात धरून कन्याले करवतीनं 2 मिमीच्या पाच-सहा आडव्या खाचा, त्याच्यात दोरा बसवून पांढरा गोंद, वरून पातय मलमल.

खय अशी: मैदा 100 ग्राम, पानी अर्धा लिटर, मोरचूद अर्धा चमचा. मैदा आंधी थंड्या पान्यात कालवाचा, मंग आचेवर, नाई तं गुठया होतात. मोरचुदानं कसर लागत नाई. गंज, म्हंजे भांडं, स्टीलचं घेजा, अल्युमिनियमचं नोका, मोरचूद त्याले खाते. उन्हायात दोन दिसाच्या वर टिकत नाई, आंबते. लेकराईपासून दूर ठेवजा, जहर आहे.

अन् फाटल्या पानाले चिकटपट्टी लावू नोका बाप्पा. साल-दोन सालात पट्टी गयते, डाग कागदात उतरते, तो मंग कोन्याच उपायानं निंगत नाई.

चावीवाली

टाकेदादा, हे छापून भिंतीवर लावणार. आणखी एक भर घालते: एक फॉर्म बहुधा 16 पानांचा असतो. बांधणीत एखादा फॉर्म राहिला की 16 पानं सलग गायब, किंवा तीच 16 पुन्हा. त्यामुळे शिक्का मारायच्या आधी पानांचे आकडे भराभर पाहून घ्या. शिक्का पडलेलं पुस्तक दुकानदार बदलून देत नाही. शिक्का शीर्षकपानावर, आणि दुसरा ठरलेल्या एका आतल्या पानावर, सगळ्या पुस्तकांत त्याच क्रमांकाच्या.

वर्धेच्या अलीकडे

आत्मचरित्रांबद्दल.

पहिला मान 'स्मृतिचित्रे'ला. 1934 पासून भागाभागांनी आलं. लक्ष्मीबाई टिळकांची भाषा बोलती आहे, सातवी शिकलेल्या बाईला एक शब्द अडत नाही. नागपूर-राजनांदगावचे दिवस त्यात आहेत, त्यामुळे आपल्या विदर्भात वाचताना ओळखीचं वाटतं. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, दुकानदार तीच पुढे करतो. अशा वेळी जाडी पाहून समजा आणि पूर्ण मागा. या पुस्तकाची गंमत किरकोळ प्रसंगांत आहे आणि काटछाटीत पहिल्यांदा तेच जातात.

मग आपल्या मातीतली. साधनाताई आमट्यांची 'समिधा', तिच्या शेजारी प्रकाश आमट्यांची 'प्रकाशवाटा'. एक वरोऱ्याचं आनंदवन, दुसरं 1973 पासूनचं हेमलकसा. 'प्रकाशवाटा' आधी द्या, वेगानं वाचून होतं, शाळकरी पोरं वाघ-अस्वलांसाठी नेतात. 'समिधा' मागाहून बायका मागून नेतात. कुमुद पावड्यांचं 'अंतःस्फोट' (1981) नागपूरचं. संस्कृत शिकलेल्या दलित बाईचं लेखन, पानं थोडी आणि जड. दया पवारांचं 'बलुतं' (1978) आहेच. पण 'बलुतं'च्या जवळ 'जिणं आमुचं' ठेवा, बेबी कांबळ्यांचं. एकच पिढी, पण बाईच्या नजरेनं. गावात या पुस्तकांवरून कुरबुर झाली तर ती होऊ द्या, कपाटातून काढू नका.

वनाधिकारी मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' मेळघाट-नवेगावच्या पट्ट्यात हमखास चालतं. जाड आहे. टाकेदादांच्या खाचा त्याला आधीच मारून घ्या.

एक पुस्तक दोन कप्प्यांत बसतं: विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. दानदक्षिणेच्या आशेनं 1857 साली उत्तरेकडे निघालेला वरसईचा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडतो आणि पाहिलेलं लिहून ठेवतो. इथे आवृत्ती बघणं फार गरजेचं आहे. 1907 ची पहिली आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी काढली, त्यांनी भाषेत आणि मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आणला. आतलं पान उघडून संपादक कोण ते वाचा. नाव नसेल किंवा मुखपृष्ठावर नुसती घोड्यावरची राणी असेल, तर सोपं करून लिहिलेली बालआवृत्ती असण्याची शक्यता जास्त. मुलांसाठी ती ठेवायला हरकत नाही, पण दाखल वहीत तसं लिहा.

(उद्धव शेळक्यांची 'धग' यातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही. तरी ठेवा. वऱ्हाडात 'धग' नसलेलं वाचनालय म्हणजे ज्वारी नसलेलं कणगं.)

सुभेदाराचा चष्मा

युद्धाच्या पुस्तकांत वाचक तीन ठिकाणी सोडून देतो: नकाशा, हुद्दे, तुकड्यांची नावं. त्यातल्या नकाशावर आणि तुकड्यांच्या नावांवर इलाज आहे.

कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता लावा. सेक्शन साधारण 10 जवान. तीन सेक्शनची प्लाटून. तीन प्लाटूनची कंपनी, सव्वाशेच्या आसपास. बटालियन म्हणजे चार रायफल कंपन्या आणि मदतीच्या तुकड्या, साधारण 800. तीन बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. एवढं माहीत असलं की "एका कंपनीनं ब्रिगेड अडवली" या वाक्याचं वजन कळतं.

नकाशाचं पान पहिल्यांदा फाटतं, कारण ते घडीचं असतं. पुस्तक आल्या दिवशी त्याची झेरॉक्स काढून मागच्या पुठ्ठ्याला खिसा करून त्यात ठेवा.

घ्यायला पहिलं: मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'डोमेल ते कारगिल'. 1947 ते 1999 ची सगळी युद्धं एका जागी. त्यांचंच 1962 वरचं 'न सांगण्याजोगी गोष्ट'. ते युद्ध अवघं महिनाभर चाललं, 20 ऑक्टोबर ते 21 नोव्हेंबर, त्यामुळे हे पुस्तक भिंतीवरच्या दिनदर्शिकेला लावून वाचता येतं. ज्या गावातून महार रेजिमेंटमध्ये पोरं जातात, किंवा कामठीच्या गार्ड्‌स सेंटरशी ज्यांचा संबंध आहे, तिथे ही दोन्ही एकेक प्रतीत पुरत नाहीत.

पानिपताचं नीट सांगतो. विश्वास पाटलांचं 'पानिपत' (1988) ही कादंबरी आहे. लोक तिच्यातले संवाद इतिहास म्हणून पारावर सांगतात. तिच्याशेजारी शेजवलकरांचं 'पानिपत : 1761' उभं करा आणि कादंबरीच्या पाठीवर लाल ठिपका. लाल म्हणजे कल्पित. सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना हाच ठिपका.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त हाताळला जाणारा ऐवज मात्र विकतचा नाही. 29 नोव्हेंबर 1803 ला इंग्रजांची नागपूरकर भोसल्यांशी लढाई झाली ती अडगावला, आजच्या अकोला जिल्ह्यात. 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 ला देवगावचा तह, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. जिल्हा गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारनं काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, हे सगळं आहे, शासनाच्या संकेतस्थळावर फुकट. तेवढंच इतिहासाचं प्रकरण छापून शिवून ठेवा. चिमूर-आष्टीकडच्या मंडळींनी 16 ऑगस्ट 1942 च्या 'चले जाव' उठावाचा भाग त्यात जोडावा. आपल्या शिवाराचं नाव छापलेलं दिसलं की न वाचणाराही बसून वाचतो.

खाकी कव्हर

प्रेमकथांना नाकं मुरडणाऱ्या समितीसाठी एक दाखला तयार ठेवा. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. काकोडकर घ्या असा आग्रह नाही, जुन्या प्रतींचा कागदच आता हातात चुरतो. पण "असली पुस्तकं नकोत" हे वाक्य बैठकीत पडलं की एवढं सांगून पुढच्या विषयाकडे वळता येतं.

खरी अडचण समितीची नसतेच, वाटेवरच्या डोळ्यांची असते. मुखपृष्ठावर मिठी मारलेलं जोडपं असेल तर ते पुस्तक गावातून हातात धरून नेता येत नाही. म्हणून खाकी कव्हर घालायचं. पण फक्त प्रेमकथांना घातलं तर खाकी म्हणजे "ते पुस्तक" अशी खूणच होऊन बसते. ज्ञानेश्वरीपासून गॅझेटियरपर्यंत सरसकट सगळ्यांना घाला. पाठीवर नाव आणि दाखल क्रमांक, बस.

चालणारी: 'दुनियादारी' तीन प्रती, आणि तरी पुरणार नाहीत. बोकीलांची 'शाळा' दोन. ती प्रेमकथा म्हणून नेतात आणि आणीबाणी वाचून येतात. वपुंचा 'पार्टनर' दोन. गौरी देशपांडे एकच प्रत, 'तेरुओ आणि कांही दूरपर्यंत'. कमी जण नेतील, पण जी नेईल ती महिनाभर परत करणार नाही. दंड लावू नका, दुसरं पुस्तक देताना जुनं मागा.

पारावरचा आवाज

मोठ्यानं वाचायचं असेल तर हिशेब असा. एका छापील पानाला साधारण अडीच मिनिटं. वीस मिनिटांत आठ पानं, त्यापुढे ऐकणारे चुळबुळतात. 'माझा प्रवास' यासाठी उत्तम, वाक्यं कथेकऱ्याची आहेत. फक्त झाशी पडल्यानंतरच्या कत्तलीची पानं आधी वाचून ठेवा, समोर लहान मुलं असतात. 'नाझी भस्मासुर' असा वाचू नका, नावांत जीभ अडकते. पित्र्यांचं वाचायचं तर एका बैठकीला एकच चकमक, आणि आधी खडूनं जमिनीवर नदी आणि टेकडी काढून घ्या.

चावीवाली

कपाट कुठे ठेवायचं ते राहिलं. भिंतीपासून वीतभर पुढे, विटांवर, पश्चिमेची भिंत टाळून. वाळवी भिंतीतून येते, कपाट टेकलेलं नसलं तर मातीचा पट्टा लगेच नजरेस पडतो. आणि उन्हाळ्यात कूलरचं तोंड कपाटाकडे नको. ओल्या हवेनं पंधरा दिवसांत कव्हरच्या आत बुरशी धरते. वरून खाकी असल्यानं ती दिसतही नाही, पुस्तक उघडल्यावर नाकाला कळतं.

टाके आणि खळ

बुरशी धरली तं ओल्या फडक्यानं पुसू नोका ताई. सावलीत उभं करून, पानं फाकवून दोन दिस वारा लागू द्या, मंग कोरड्या बुरसानं बाहेर नेऊन झाडा. घरात झाडलं तं बाकीच्या पुस्तकाईले लागते.