तंग आवळताना घोडी चावायला येते, खोगीर बसत नसेल का?

टापटाप: घोडी ९ वर्षांची, स्वभावाने एकदम गरीब. पण हल्ली तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला की कान पाडते, मान वळवून चावायला बघते आणि उजवीकडे कॅन्टर (मध्यम दौड) मागितला की सरळ अडते. व्हेटने पाय, पाठ, दात सगळं बघितलं, काही सापडलं नाही. खोगीर जुनंच आहे. त्याच्याखाली जाड जेल पॅड (मऊ गादी) टाकू का? माझीही कंबर धरते आणि पाय सारखा पुढे जातो, खुर्चीत बसल्यासारखा.

घोडावेडी: पॅड अजिबात नको! खोगीर आधीच अरुंद असेल तर पॅडने अजून आवळेल, घट्ट बुटात जाड मोजे घातल्यासारखं. आधी पॅडशिवाय नुसतं खोगीर पाठीवर ठेवा, थोडं पुढे ठेवून मागे सरकवा म्हणजे खांद्याच्या हाडामागे आपोआप बसेल, कारण पाय पुढे टाकताना ते हाड मागे येतं आणि खोगीर त्याच्यावर असेल तर प्रत्येक पावलाला आपटतं. मग पॅनलखाली (खोगिराच्या खालच्या, लोकर भरलेल्या गादीखाली) हात घालून पुढून मागेपर्यंत फिरवा, मध्ये पोकळी लागते का बघा. आणि मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पुढेच थांबलं पाहिजे, त्यामागे कंबरेला बरगड्यांचा आधार नसतो.

पागेवरचा: तुमची कंबर आणि घोडीचं चावणं, दोन्हीचं कारण एकच असू शकतं दादा. ट्री (खोगिराचा आतला सांगाडा) अरुंद असला की खोगीर पुढून उचललं जातं, बसायची खोलगट जागा मागे सरकते, तुम्हीही मागे जाता आणि पाय पुढे पळतो. रिकिबीचा बार (रिकिबीचा पट्टा अडकवायची दांडी) फार पुढे असला तरी असंच होतं. सॅडल फिटर (खोगीर नीट बसवून देणारा जाणकार) दोघांनाही बघतो. आधी घोडी नुसती उभी करून खांदे सारखे आहेत का ते, मग वाकणाऱ्या पट्टीने पाठीचं माप, मग ट्री आणि आतली लोकर, आणि शेवटी तुम्हाला बसवून वॉक (चाल), ट्रॉट (दुडकी), कॅन्टर दोन्ही बाजूंना. जो नुसतं उभ्या घोड्यावर बघून निघतो त्याच्यावर माझा विश्वास नाही.

टापटाप: आत्ता स्वारीनंतर बघितलं. पाठ घामाने ओली, पण खांद्यामागे दोन्हीकडे तळहाताएवढी जागा कोरडी, उजवीकडे चार-पाच पांढरे केसही दिसले.

घोडावेडी: कोरडी जागा म्हणजे एकतर तिथे खोगीर टेकतच नाही नाहीतर फार दाब पडतोय, ते हात घालून कळेल. पांढरे केस मात्र बहुतेक जुन्या दाबाचेच असतात, तिथे केसांच्या मुळांना इजा होते. फिटर येईपर्यंत कृपा करून स्वारी बंद ठेवा, खोगीर न घालता लंज करा (लांब दोरीवर गोल फिरवा). ट्री बरोबर निघाला तर लोकर नव्याने भरून भागेल, चुकीचा असेल तर कितीही लोकर भरली तरी उपयोग नाही. नंतर दर ६ महिन्यांनी दाखवत जा, लोकर दबते आणि घोडीचे स्नायूही बदलत राहतात.

टापटाप: आजच फिटरला फोन करतो. त्या कोरड्या जागेचे फोटो काढून ठेवलेत, त्याला दाखवतो.