वी स्पोर्ट्स: तुमच्या घरी कोण खेळायचं? (अनुभव धागा)

पारिजातक_एडिसन
काल बेसमेंट आवरताना एका खोक्यात वीचा (निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा गेम, रिमोट हातात धरून हलवत खेळायचा) पांढरा रिमोट सापडला. मागचं झाकण गायब, सेलच्या जागी पांढरी पूड. पण मनगटात अडकवायची जी दोरी असते ना, तिला सासूबाईंनी बांधलेली लाल लोकरीची गाठ अजून तशीच. मग कसलं आवरणं, तिथेच पायरीवर बसले.

२००८ च्या हिवाळ्यात सासू-सासरे पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत आले. बाहेर बर्फ, गाडी येत नाही, ओळखीचं कोणी नाही. बाबांचं नेटवर पेपर वाचण्यात भागायचं, आई मात्र (मी आईच म्हणते त्यांना) दिवसभर खिडकीपाशी. गुडघ्यांमुळे बाहेर पाऊल टाकायची भीती. लेकाला वाढदिवसाला वी घेतला होता, इथे त्याच्यासोबतच वी स्पोर्ट्स यायचं, टेनिस बेसबॉल बोलिंग गोल्फ बॉक्सिंग. तो मागेच लागला, आजी ये. "मला मेलीला काय जमतंय" म्हणत पदर खोचून सोफ्याच्या कडेला बसल्या.

बोलिंग म्हणजे जमिनीवरून चेंडू घरंगळवत समोरच्या दहा पिना पाडायच्या. त्यात खालचं बी बटन दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना बटन सोडायचं. आम्ही सगळे ओरडतोय आई सोडा, सोडा, आणि आईंनी अख्खा रिमोटच सोडला! दोरी होती म्हणून टीव्ही वाचला. बारीक मनगटात ती सैल होते म्हणून दुसऱ्या दिवशी लोकरीची गाठ आली.

तिसऱ्या दिवशी स्ट्राइक, म्हणजे एका फटक्यात दहाही पिना आडव्या. मला वाटलं चुकून पडला, पण मग पडतच राहिले. विचारलं तर म्हणाल्या, अगं बरोबर मधोमध नाही मारायचं, जरा बाजूने लागलं की एकमेकांना पाडतात. लहानपणी लगोरीत त्यांचा नेम गावात नावाजलेला होता, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं. सोळाव्या वर्षी लग्न झालं, त्यानंतर हातात चेंडू नाही. मे महिन्यात परत गेल्या तेव्हा हजार पॉइंट ओलांडून प्रो झाल्या होत्या.

तुमच्याकडे कोण खेळायचं? लिहा ना.

मुगाचीउसळ
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आमचा वी भावाने दुबईहून आणलेला, ठाण्याचा दहा बाय बाराचा हॉल. काका जन्मभर क्लब क्रिकेट खेळलेले, त्यांना कोणी नीट सांगितलंच नाही, फक्त "काका आता बोलिंग आहे". काका दारापासून स्टार्ट घेऊन आले आणि हात वरून फिरवला. पंखा चालू होता. रिमोटला एक खाच पडली आणि पंख्याचं पातं वाकलं, तो पुढे दोन वर्षं डुगडुगत चालायचा. काकांना काही लागलं नाही हे महत्त्वाचं. शिट्टी झाली

रानवाट
सोळाव्या वर्षी हे वाचून गलबलायला झालं. माझ्या आजीचंही असंच असेल, कधी विचारलंच नाही.

कोथरूडकर७९
आमच्या वीची गोष्ट पाच सेकंदांची आहे. मामेभाऊ न्यूजर्सीहून घेऊन आला, गल्लीतली आठ-दहा पोरं जमली, मी अडाप्टर भिंतीत लावला, चट् आवाज आणि जळका वास. अमेरिकेतला अडाप्टर १२० व्होल्टचा आणि आपल्याकडे २३०, हे कोणाच्याच लक्षात नाही आलं. वी शाबूत होता पण अडाप्टर मिळेपर्यंत सुट्टी संपली. पोरांचे चेहरे अजून आठवतात.

निळाई
@कोथरूडकर७९ अरेरे. पुढे मिळाला का?

कोथरूडकर७९
मिळाला, २२० वाला, पण मग इथे घेतलेल्या सीड्या चालेनात, रीजन लॉक (एका भागातल्या वीवर दुसऱ्या भागातल्या सीड्या चालत नाहीत). शेवटी त्याच्यासोबत आलेली वी स्पोर्ट्सच खेळलो, दोन वर्षं तेवढंच. बॉक्सिंगला नंचक (रिमोटला वायरने जोडून दुसऱ्या हातात धरायचा भाग) लागायचा तो एकच होता, मग दुसरा मित्रांनी वर्गणी काढून आणला.

हाडवैद्य_नाशिक
मी फिजिओथेरपिस्ट. विद्यार्थी असताना सरांनी आम्हाला एक पत्र वाचून दाखवलं होतं, २००७ चं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्पेनच्या एका डॉक्टरने लिहिलेलं. २९ वर्षांचा तरुण डॉक्टर रविवारी सकाळी उठला तो उजवा खांदा दुखतच, आदल्या दिवशी काही खेळला नव्हता, शेवटी कळलं की वीवर तासन् तास टेनिस खेळला. खऱ्या टेनिसमध्ये तुम्ही धावून दमता आणि आपोआप थांबता, इथे पळायचं काम टीव्हीतला खेळाडू करतो, हात तेवढा तुमचा चालू राहतो, दम लागत नाही म्हणून कळत नाही. पण पारिजातकताई, तुमच्या आईंनी जे केलं ते मी आज पेशंटना सांगतो. बसल्या बसल्या हात झुलवणं, रोज थोडं. अमेरिकेत वृद्धाश्रमांमध्ये याच बोलिंगच्या टीम असायच्या, खऱ्या बोलिंगचा जड चेंडू ज्यांना उचलवत नाही ते खेळायचे.

तोक्योतली_मावशी
आमच्या इथे २ डिसेंबर २००६ ला आला आणि वी स्पोर्ट्स वेगळं विकत घ्यायला लागायचं, तुमची मजा होती. बाकी नंतर लिहिते, ट्रेनमध्ये आहे

सांजवेळ
दिवाळीचा किस्सा. ऐन पाडव्याला सगळे जमले आणि स्क्रीनवरचा तो हात नुसता उड्या मारायला लागला, निवडायला गेलं टेनिस की जातोय गोल्फवर. सेल बदलले, वायर हलवून पाहिली. शेवटी धाकट्या दिराच्या डोक्यात प्रकाश पडला, टीव्हीच्या कपाटावर मी हौसेने पणत्या मांडल्या होत्या! टीव्हीपाशी ठेवायची वीची पट्टी असते ना, सेन्सर बार म्हणतात तिला पण त्यात सेन्सर नसतोच, दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे, आणि बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात. त्याला पणतीची ज्योत पण तसाच दिवा वाटते. पणत्या खिडकीत नेल्या, झालं ठीक. पुढच्या वर्षी पोरांनी बारची वायर तोडली तेव्हा दोन पणत्या बारच्या जागी ठेवून अख्खा संक्रांतीचा दिवस खेळलो :) टीव्हीपासून लांब ठेवल्या होत्या, सासऱ्यांची नजर होती.

निळाई
@सांजवेळ पणत्यांवर वी!! हे मी आजच करून बघणार.

बारका_पोरगा
आमच्या बॅचला ९१ पिना आठवतायत का कोणाला. ट्रेनिंगमध्ये पॉवर थ्रो, १० पिनांपासून सुरू, दर वेळी मागे एक ओळ वाढते, दहाव्या फेरीला ९१. तिथे चेंडू बाजूच्या कठड्यावर चढवून शेवटपर्यंत नेला की अख्ख्या पिना एकदम आडव्या. मला ते जमायला दोन महिने लागले, जमलं तेव्हा घरात कोणी नव्हतं, शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलं. त्यांनी नीट बघितलं पण, उगाच छान छान नाही म्हणाल्या, विचारलं कसं केलंस. आता बायकोबरोबर स्विच स्पोर्ट्स खेळतो, निन्टेंडोच्या नव्या स्विचवरचं, २०२२ चं, त्यात बॅडमिंटन आहे, ते आम्हाला जास्त जवळचं. पण बेसबॉल काढला याचं अजून वाईट वाटतं.

मुगाचीउसळ
आले परत. उसळ खाली लागली :( कढई कशाने घासू?

तोक्योतली_मावशी
पाणी, खायचा सोडा, उकळी आणून तसंच ठेव रात्रभर.

घाटमाथा
पारिजातक, सातारा का? लगोरी म्हणालात म्हणून. आमच्याकडे चिंध्यांचा चेंडू करायचे, वर सुतळी गुंडाळून.

पारिजातक_एडिसन
हो, वाईच्या अलीकडे. चिंध्यांचाच! आत एक चिंचोका घालायचे म्हणतात, वजनाला.

घाटमाथा
चिंचोका नाही आमच्यात, छोटा दगड. मग तो लागला की रडारड. माझं आजोळ वाईच, गणपती आळी.

हाडवैद्य_नाशिक
आणि ताई, ती पांढरी पूड नुसत्या हाताने काढू नका, अल्कलाइन सेल गळलेत. कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर, मग कोरडं पुसा.

पारिजातक_एडिसन
केलं. हातमोजे घालून. नवीन सेल टाकले, चारही निळे दिवे लुकलुकले!! वी लेकाकडे आहे बॉस्टनला, त्याला फोटो पाठवला. सकाळी आईंना व्हिडिओ कॉल केला, ८१ वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, आधी वाटलं टीव्हीचा रिमोट बिघडलाय म्हणून दाखवतेय. मग लोकर पुढे धरली. काही बोलल्या नाहीत, फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा हात मागे नेऊन पुढे आणला. मनगट शेवटी किंचित आत वळवायच्या, तेसुद्धा तसंच.

रानवाट
🙏🙏

घाटमाथा
गणपती आळीतलं कोणी आहे का इथे अजून?