मदत हवी आहे: वडिलांसाठी ट्रोडॅट स्कॅन करावा की एफ-डोपा पेट?

सह्यकडा:
वडिलांचे वय 71 आहे. हात थरथरतात, चाल मंदावली आहे आणि एमआरआयमध्ये काहीही आढळलेले नाही. कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) शंकेमुळे न्यूरॉलॉजिस्टांनी ट्रोडॅट हा मेंदूचा स्कॅन लिहून दिला असून गुरुवारची वेळ मिळाली आहे. परंतु दुसऱ्या केंद्रात चौकशी केली असता 'एफ-डोपा पेटच करा' असे सांगण्यात आले, आणि त्याचा खर्च बराच जास्त आहे. यांपैकी कोणता करावा आणि त्यासाठी सिन्डोपा (त्यांची कंपवातावरील लेव्होडोपायुक्त गोळी) बंद ठेवावी लागते का, एवढेच कृपया सांगावे. कंपवाताची सर्वसाधारण माहिती मी वाचली आहे, ती नको.

रेणुकण:
मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. मेंदूतील काही पेशी बाहेर सोडलेले डोपामाइन (हालचालींसाठी लागणारे रसायन) वाहक प्रथिनांच्या साहाय्याने पुन्हा आत ओढून घेतात. टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले ट्रोडॅट या वाहकांना चिकटते आणि इंजेक्शननंतर साधारण चार तासांनी आम्ही चित्र घेतो. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक स्वल्पविराम दिसतो. कंपवातात त्याची शेपटी, म्हणजे प्युटामेन या मेंदूतील खोल भागाची मागची बाजू, आधी पुसट होते आणि शेवटी नुसता टिंब उरतो. एमआरआय मुख्यतः रचना दाखवतो, त्यामुळे तो स्वच्छ असला तरी कंपवात नाही असे ठरत नाही. लेव्होडोपाने ट्रोडॅटच्या चित्रात विशेष फरक पडत नाही, म्हणून सिन्डोपा सहसा चालू ठेवतात. तरीही केंद्राला विचारावे. आता तुम्ही न लिहिलेले सांगा: थरथर एका हाताला आहे की दोन्ही, हात मांडीवर स्वस्थ असताना की पेला तोंडाशी नेताना, सिन्डोपाने फरक पडला का, आणि इतर कोणती औषधे चालू आहेत?

अटकेपार:
मी जर्मनीत असतो. माझ्या काकांचा एफ-डोपा पेट झाला होता आणि चित्र अतिशय सुस्पष्ट होते. 1983 साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामाइन प्रथम याच पदार्थाने पाहिले गेले. पैसे वाचवण्यासाठी जुन्या कॅमेऱ्यावर समाधान मानू नये.

रेणुकण:
पेटचे चित्र अधिक रेखीव असते, हे मान्य. परंतु एफ-डोपा हे डोपामाइन तयार करण्याची क्षमता दाखवते, आणि आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी ती क्षमता वाढवून तूट काही अंशी झाकतात. शिवाय त्यातील किरणोत्सारी फ्लोरिन-18 सुमारे 110 मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे ते तयार करणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, फार लांब असून चालत नाही, आणि त्या तपासणीपूर्वी लेव्होडोपा थांबवावे लागते. येथे प्रश्न एवढाच आहे की डोपामाइनच्या पेशी झडत आहेत की नाहीत, आणि त्यासाठी ट्रोडॅट पुरेसा आहे.

वैद्यपरंपरा:
इतका खटाटोप करण्यापेक्षा खाजकुयलीचे चूर्ण सुरू करावे. आमच्या घराण्यात ते पूर्वापार देतात.

रेणुकण:
खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असते. सिन्डोपा चालू असताना, चमच्यात मात्रा किती गेली हे ठाऊक नसताना ते वर घालणे धोक्याचे आहे.

मोगरा:
माझ्या सासूबाईंना विस्मरण होते. त्यांच्यासाठी अमायलॉइड पेट (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन दाखवणारा स्कॅन) करून घ्यावा, असे माझे मत झाले आहे. तुमच्या वडिलांचाही करून घ्या.

सह्यकडा:
वडिलांची स्मृती उत्तम आहे, कृपया विषयावर राहावे. थरथर दोन्ही हातांना, जवळपास सारखीच आहे. सिन्डोपाने फारसा फरक नाही. इतर औषधे काही नाहीत; रक्तदाबाची एक आणि गॅससाठी रोज सकाळची पँटोप्राझोल-लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल, तीही गेली दोन-तीन वर्षे, त्यामुळे तिचा येथे संबंध नसावा.

रेणुकण:
संबंध आहे! लेव्होसल्पिराइड डोपामाइनचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरील ज्या प्रथिनांना डोपामाइन चिकटते ती) अडवते आणि त्यातून हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. चक्कर येऊ नये म्हणून देतात त्या सिनारिझीनचेही तसेच आहे. खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो. दोन्ही हातांना सारखी थरथर आणि सिन्डोपाचा उपयोग नसणे यामुळे ही शंका बळावते. औषधाने केवळ ग्राहक अडले असतील तर वाहक शाबूत राहतात आणि ट्रोडॅट स्वच्छ येतो.

अटकेपार:
मग कॅप्सूल बंद करून वाट पाहावी. स्कॅन हवाच कशाला?

रेणुकण:
लक्षणे ओसरायला कित्येक महिने लागू शकतात, आणि काही रुग्णांत अशा औषधाने दबलेला खरा कंपवात उघडा पडतो. तो फरक स्कॅन दाखवतो. मात्र तो मल्टिपल सिस्टीम अट्रोफी (कंपवातासारखीच लक्षणे देणारा वेगळा आजार) आणि कंपवात यांत भेद करू शकत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

मोगरा:
स्कॅननंतर नातवाला जवळ घेतले तर चालेल का?

रेणुकण:
टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे, म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो, आणि लघवीवाटे जाते ते वेगळेच. त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि तान्ह्या मुलांना फार वेळ कडेवर घेऊ नये.

सह्यकडा:
न्यूरॉलॉजिस्टांशी बोललो. गॅसच्या कॅप्सूलविषयी त्यांनी कधी विचारले नव्हते आणि आम्ही सांगितले नव्हते. ती बदलून दिली आहे, गुरुवारची वेळ कायम ठेवली आहे. लेव्होसल्पिराइड आताच थांबले, त्याने चित्र बिघडेल का?

रेणुकण:
नाही. रॅक्लोप्राइडसारखे ग्राहकांना चिकटणारे औषध वापरले असते तर अडचण आली असती. ट्रोडॅट वाहकांना चिकटते. तरी केंद्रातील अर्जावर त्या कॅप्सूलचे नाव आणि ती किती काळ घेतली ते लिहावे, म्हणजे अहवाल देणाऱ्या डॉक्टरांना ते दिसेल.