नीतिशास्त्र: सुरुवात कुठून करावी? (वाचनगट, सांगली, बजेट 600)

विश्रामबागकर:
कॉलनीत दहा-बारा जणांचा वाचनगट आहे, निम्मे निवृत्त, निम्मे स्पर्धा परीक्षेवाले. सहा रविवार नीतिशास्त्राला द्यायचे ठरलंय. कुठला सिद्धांत आधी घ्यावा, पुस्तक कोणतं? सगळं मिळून 600 रुपये. मराठी असेल तर उत्तम.

अजिंक्यतारा:
कान्ट, जर्मन तत्त्वज्ञ. त्याचं 1785 चं 'ग्राउंडवर्क' हे पुस्तक, तीनच भाग. केंब्रिजची टिपांसकट आवृत्ती घ्या, माझ्याकडे तीच आहे. असल्या पुस्तकात पैसे बघायचे नसतात.

हळदकर:
600 म्हटलंय त्यांनी! आणि कान्टने सुरुवात केलीत तर दुसऱ्या रविवारी सतरंजीवर एकटेच बसाल. मिलचा 'युटिलिटेरियनिझम' घ्या, म्हणजे उपयुक्ततावाद: ज्यातून एकूण सुख जास्त, ते योग्य. पाच प्रकरणं, नेटवर फुकट. आधी दुसरं वाचा, मग पाचवं, न्यायाचं. गटात पहिली चूक होईल ती अशी की उपयुक्ततावाद म्हणजे बहुमत असं लोक धरून चालतील. इथे मतं मोजत नाहीत, सुखदुःख मोजतात. मिलच्या आधी हाच वाद मांडणाऱ्या बेंथमची सुखदुःखाची मापं सात: तीव्रता, कालावधी, खात्री, किती लवकर मिळणार, त्यातून आणखी सुख निपजेल का, दुःखाची भेसळ किती, किती जणांपर्यंत पोचणार. नऊ जणांची किरकोळ सोय आणि एकाचं घर जाणं, यात पारडं त्या एकाकडे झुकू शकतं. आणि नीती खरी की मानलेली, हा सापेक्षतावादाचा घोळ शेवटच्या रविवारी घ्या.

माणदेशी:
उदाहरण मात्र सहाही रविवार एकच ठेवा. कोयना धरणाचा विसर्ग घ्या. सांगलीत आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका 45. आज पाणी सोडलं तर नदीकाठची थोडी घरं नक्की बुडतात, थांबलं तर उद्या जास्त घरं बुडण्याची शक्यता. बेंथमचं 'खात्री' हे माप इथे कामाला येतं. रूळांच्या फाट्याचं कोडं (गाडी पाच जणांवर जाऊ द्यायची की वळवून एकावर), फिलिपा फूट यांनी 1967 मध्ये मांडलेलं, त्यात सगळं नक्की असतं. खऱ्या निर्णयात नसतं.

पेठेतला:
पूर कोयनेमुळे नाही, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे येतो.

माणदेशी:
दादा, तो वाद दुसऱ्या धाग्यावर.

पेठेतला:
तिथेही तुम्ही हेच म्हणता.

वाईकर:
मूळ प्रश्नात 'मराठी' हा शब्द आहे, कोणी वाचलेला दिसत नाही. 'गीतारहस्य', 1915. सगळं नको. दुसरं प्रकरण 'कर्मजिज्ञासा', खोटं कधी बोलावं, हिंसा कधी क्षम्य, असे पेच. मग चौथं, 'आधिभौतिक सुखवाद', त्यात मिलपंथाची हजेरी घेतलीय. टिळकांचा आक्षेप असा की नुसता बाहेरचा परिणाम मोजून भागत नाही, कर्त्याची बुद्धी बघावी लागते. वाचनालयात मिळेल, खर्च शून्य. सोबत विश्वकोशातली 'नीतिशास्त्र' ही नोंद, तीही फुकट.

अजिंक्यतारा:
बुद्धी बघायची म्हणजे कान्टच झाला की! त्याची कसोटी अशी लावा. आपण काय करतोय आणि कशासाठी, ते एका वाक्यात लिहा: 'पैशाची नड असेल तेव्हा परत न करण्याच्या बेताने, परत करीन असं वचन देऊन पैसे घेईन.' आता सगळेच असं करतात असं धरा. मग वचनावर विश्वास कोण ठेवणार? वचनच उरत नाही, म्हणून आपला बेतही उरत नाही. दोन ठिकाणी गाडी अडकते. एक, लोक म्हणतात 'समाजाचं नुकसान होईल'. ते मिलचं उत्तर झालं, कान्टचं म्हणणं विसंगतीबद्दल आहे. दुसरं, वाक्य फार अरुंद लिहिलं, 'मंगळवारी, मिरजेत, अमुक शेठकडून', तर कुठलीही लबाडी पास होते. म्हणून खरा हेतू जेवढा, तेवढंच वाक्य.

चौथापेपर:
+1 मिल. पाच प्रकरणं आहेत आणि फुकट आहे.
परीक्षेवाल्यांना मात्र रॉस हा ब्रिटिश तत्त्वज्ञ द्या, पुस्तक 1930 चं. कर्तव्यं सात: वचन पाळणं, चुकीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, स्वतःची सुधारणा, कोणाला इजा न करणं. क्रम ठरलेला नाही, प्रसंग बघून वजन द्यायचं. यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या 250 गुणांच्या पेपरात मुलं विचारवंताचं नाव टाकतात आणि निर्णय वेगळाच लिहितात. कोणतं कर्तव्य कशापुढे मागे सरलं हे लिहिलं नाही तर नाव फुकट.

कृष्णाकाठची:
ॲरिस्टॉटल कोणाला आठवला नाही, नेहमीचंच. त्याचा मध्यम मार्ग म्हणजे बेरीज करून भागिले दोन नव्हे. दहा माप अन्न जास्त, दोन कमी, म्हणून तालमीतला वस्ताद सगळ्यांना सहा देत नाही. मिलो या ग्रीक पैलवानाला ते कमी, नवशिक्याला जास्त. आणि चोरी, खून यांना मध्यम नसतोच. त्याच्या 'निकोमाखियन एथिक्स'चा दुसरा खंड, सहावं प्रकरण. तेवढंच वाचा.

हळदकर:
मिलच.

विश्रामबागकर:
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: शेवटी ठेवा म्हणालात, तो सापेक्षतावादच पहिल्या रविवारी. आमच्याकडे दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी 'ज्याची त्याची नीती' म्हणतं आणि चर्चा तिथेच बसते. ते आधी निस्तरल्याशिवाय कान्ट काय, मिल काय. पुस्तक विकत घेत नाही. टिपणं काढून झेरॉक्स.

वाईकर:
मग दोन वाक्यं फळ्यावर वेगवेगळी लिहा. 'समाजासमाजात नीती वेगळी आढळते', ही माहिती. 'म्हणून प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर', हा निष्कर्ष, आणि तो त्या माहितीतून निघत नाही. उदाहरण कऱ्हाडजवळच्या टेंभूचं घ्या, आगरकरांचं गाव. 1891 मध्ये संमतिवय 10 वरून 12 करणाऱ्या कायद्याच्या बाजूने ते उभे राहिले, समाजातला मोठा भाग विरुद्ध होता. समाज म्हणेल ती नीती असेल तर आगरकर त्या वर्षी अनीतिमान ठरतात, आणि पुढे लोकांचं मत फिरलं की आपोआप नीतिमान. हे कोणाला पटतंय का, ते विचारा.

पेठेतला:
त्या कायद्याला टिळकांचा विरोध होता, आणि वाचायला तुम्ही गीतारहस्य सुचवताय.

वाईकर:
हो. दोन्ही वाचा.

अजिंक्यतारा:
झेरॉक्स किती होईल? 600 मधले उरले तर कान्ट बघा.