अंदमानची सहल आखताना: आपापले अनुभव लिहा

दिवाळी संपली की अंदमानच्या चौकश्या सुरू होतात, म्हणून हा धागा. स्थळांची यादी नको, ती कुठल्याही ट्रॅव्हलवाल्याच्या कागदावर मिळते. आखताना काय जमलं, कुठे फसगत झाली, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर काय सांभाळलं, ते लिहा. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉक आणि नील ही बेटं २०१८ च्या अखेरीपासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाले. खाली जुनी-नवी कुठलीही नावं चालतील, रिक्षावाले जुनीच घेतात.

खारेवारे

आधी बोट, मग हॉटेल. आपण उलटं करतो. हॅवलॉकला जायला सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, स्वस्त असते आणि म्हणूनच तिकीट मिळता मिळत नाही. खासगी वेगवान बोटी महाग, पण दीड-दोन तासांत पोचवतात. वारा वाढला की दोन्ही बंद. आमच्या वेळी नीलहून परतीची बोट रद्द झाली. जेट्टीवर अर्धे लोक विमान कंपनीला फोन लावत होते आणि बाकीचे अर्धे रेंज शोधत होते. आम्ही शहाळं पीत बसलो, कारण विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची, यात तडजोड नको.

मीनल_डोंबिवली

घड्याळ भारताचं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा, हे कुणी आधी सांगत नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला मिट्ट काळोख. दुपारी जेवून 'जरा पडू, उन्हं कलली की निघू' असं म्हणालात की राधानगर किनारा अंधारात बघावा लागेल. मी मुलांना साडेचारला उठवायचे. शिव्या खाल्ल्या, पण काळापथ्थरच्या किनाऱ्यावर सकाळी आमच्याशिवाय फक्त कुत्री होती. दिवस पहाटे सुरू करायचा आणि संध्याकाळ मोकळी सोडायची, की सगळं आपोआप बसतं.

तिसरा डोळा

भरती-ओहोटीचं कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी तिथी बघून जावं. नीलला लक्ष्मणपूरच्या बाजूला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीलाच जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली. उलट भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं तर पाणी हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल जाते आणि खडक भरपूर उघडे पडतात. डबक्यांतून समुद्रकाकड्या, हाताएवढे निळसर शिंपले आणि पायाची चाहूल लागली की दगडाच्या रंगात विरून जाणारे खेकडे दिसले. खडक शेवाळलेले आहेत. सासूबाईंचे गुडघे बघता त्यांना काठावरच्या टपरीत लिंबूसरबत देऊन बसवलं. त्या टपरीवालीशी त्यांची इतकी गट्टी जमली की परत निघताना उठेनात.

पाणकोंबडा

स्कूबा करायचं असेल तर ते हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी ठेवा, शेवटाला नको. पाण्याखालून आल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक मागून धरून असतो. दमा किंवा सर्दी लपवू नका. नाक चोंदलं असेल तर दोन-तीन मीटरवरच कान ठणकायला लागतात. माझ्या साडूने 'काही नाही हो, जरासं पडसं' म्हणत अर्जावर सही केली आणि दोन मिनिटांत वर आला. पैसे परत मिळाले नाहीत.

अनामिक पुणेकर

सेल्युलर जेल दोनदा बघायचं, एकदा सकाळी उजेडात आणि एकदा रात्री दृकश्राव्य कार्यक्रमाला. तिकीट काढताना कार्यक्रम हिंदी आहे ना, विचारून घ्या. १९०६ मध्ये बांधून झालं तेव्हा मधल्या मनोऱ्यापासून सात भुजा निघत होत्या, आता तीन उरल्यात. प्रत्येक भुजेच्या कोठड्या पुढच्या भुजेच्या पाठीकडे तोंड करून आहेत, म्हणजे कुणाला कुणाचं तोंड दिसू नये. गर्दी सावरकरांच्या कोठडीपाशी असते. ते ४ जुलै १९११ ला इथे आले. थोरले बंधू बाबाराव आधीच याच तुरुंगात होते. पण जरा बाजूला थांबून कुठल्याही कोठडीची कडी बघा. दारापासून दूर, भिंतीत खोबण करून ती बसवलीय, आतल्याने गजांतून हात काढला तरी पोचू नये म्हणून. खाली कोलूचा, म्हणजे कैद्यांना जुंपायच्या तेलघाण्याचा, नमुना आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं. आमचा गाईड भरभर बोलून पुढे पळत होता, आम्ही त्याला पैसे देऊन मोकळं केलं आणि स्वतःच फिरलो.

रानभूल

बाराटांग बेट गाळा, असं माझं स्पष्ट मत. रात्री तीनला उठून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी रांग लावायची, कशासाठी तर चुनखडीच्या गुहांसाठी. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायला आणि फोटोला बंदी आहे, तरी आमच्या गाडीतले सहप्रवासी काचेला नाक लावून 'दिसले का, दिसले का' करत होते. माणसं बघायला जातात का अशी?

खारेवारे

रानभूल, तो भाग पटला. खारफुटीतून बोटीने जाणं मात्र मला फार आवडलं होतं. पण आईबाबा बरोबर असतील तर मीही गाळेन.

मीनल_डोंबिवली

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. डाळ-भात, पोळी सगळीकडे मिळते, बंगाली पद्धतीची मासळीही उत्तम. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा. शंख, प्रवाळ उचलून पिशवीत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.

नवखी_सांगली

आईला बोट लागते. काय करावं?

खारेवारे

डॉक्टरांना विचारून गोळी बोटीत बसायच्या अर्धा तास आधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. जागा खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला मधली घ्या, पुढे आपटतं फार. खासगी बोटी बहुतेक बंद काचेच्या असतात. सरकारी बोटीत डेकवर वाऱ्याला उभं राहता येतं, आईंना तीच सोसेल. तिकिटाच्या मागे आत्तापासून लागा.